माघाची बुडी अन् अर्धी गोळी

त्या सकाळी तापीच्या राजघाटावर कोण कोण होतं, ते आधी सांगते. आमचे हे होते, कमरेइतक्या पाण्यात. मी होते, पायरीवर, यांचे कोरडे कपडे मांडीवर घेऊन. यांची मोठी बहीण होती, म्हणजे माझी नणंद. तिले आम्ही सारे अक्का म्हणतो. ती हातात तांब्या धरून यांच्यावर नजर ठेवून होती, जसं काही हे बुडी न घेताच पळून जातील. आमची सून होती, शालीत गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. अन् वर रस्त्यावर रिक्षावाला होता, रिक्षातच पाय वर घेऊन झोपलेला. नावं कोणाचीच घेत नाही. यांचं नाव मी लग्नात एकदा घेतलं होतं, उखाण्यात, तेवढं जन्माले पुरलं.

मी बोलते अन् सून मोबाईलमधी लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातलीबी अर्धी चौथी कापूस वेचण्यात गेली. म्हणून शब्द मागंपुढं झाले तर सांभाळून घ्या.

आमच्या बुऱ्हाणपूरची ओळख उन्हाची आहे. मे महिन्यात इथं कुत्रंबी सावली सोडत नाही. म्हणून थंडीले कोणी मोजतच नाही. स्वेटर काढायचं तर घरात लग्न पाहिजे, नाहीतर पाहुणा पाहिजे. पण पौष-माघात तापीवरून जो वारा येतो, तो मले चांगला माहीत आहे. लहानपणी त्या वाऱ्यात दवानं ओला कापूस वेचला. बोंडाच्या टोकानं बोटं चिरायची अन् थंडीत चीर भरायची नाही, मग तशाच बोटांनी चुलीत लाकडं सारायची. लग्न झालं, पोटात लेकरू होतं, तेव्हाबी धुणं नदीवरच. पाय सुन्न पडायचे, मग दगडावर आपटून पाहायचे, आपलेच आहेत का म्हणून. रडले नाही. रडून पाणी गरम होत नाही, हे लवकर समजलं होतं.

आता बहादरपूरले आमचं घर आहे अन् घरामागंच केळीचा बाग आहे. ज्याले केळीचं माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. केळीले थंडी सोसत नाही. पारा उतरला की पानं पिवळी पडतात, घड वाढायचा थांबतो, सालीवर काळपट डाग येतात. त्याले आम्ही चरका म्हणतो. दोन वर्षांमागं बागेले चरका बसला अन् फण्या इतक्या बारीक राहिल्या की व्यापारी बांधावरूनच परत गेला, आत यायची तसदीबी घेतली नाही. यांनी ते फार मनाले लावून घेतलं. जेवताना बोलणं बंद झालं. तसं हे आधीबी जेवताना बोलत नव्हते, पण ते न बोलणं वेगळं होतं, अन् हे वेगळं.

मग पुढच्या वर्षी थंडी यायच्या आधीच यांची तयारी सुरू. प्रत्येक घडाले थैली घातली. वाऱ्याच्या बाजूनं हिरवी जाळी लावली. दिवस उगवायच्या आधी विहिरीचं पाणी सोडायचं, कारण विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, त्यानं मुळं गरम राहतात. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. अन् हे सगळं करताना यांच्या अंगात काय, तर बनियन. कमरेले पंचा, पाय चिखलात.

मी एकदा चहा घेऊन गेले, तर हे एका घडाची थैली नीट खाली ओढून राहिले होते, जसं लेकराचं झबलं ओढतात.

म्हटलं, "अहो, घडाले झबलं झालं, बागेले पदर झाला. एखादी थैली स्वतःच्या डोक्यात घाला ना."

"मले काय घड लागला आहे का?"

"नाही लागला. पण बाजारात घड दुसरा मिळतो."

चहा पिऊन कप माझ्या हातात दिला अन् म्हणे, "साखर कमी होती." म्हणजे माझं म्हणणं पटलं होतं, पण ऐकायचं नव्हतं. इतकी वर्षं झाली, मले यांच्या साखरेचा अर्थ समजतो.

आता गोळीचं सांगते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हे बागेत चक्कर येऊन बसले होते. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाईनं बीपी निघालं म्हणून सांगितलं अन् रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. चक्कर आली उन्हात, बीपी निघालं उन्हात, म्हणून यांनी आपल्या मनाशी पक्कं केलं की बीपी म्हणजे रक्ताची गरमी. रक्त तापलं की चढतं, थंड झालं की उतरतं. डॉक्टरीणबाईनं असं काही म्हटलं नव्हतं. पण हे जे एकदा पक्कं करतात, ते मग डॉक्टरले विचारत नाहीत, डॉक्टरले सांगतात.

आमचा लेक कागदाच्या मिलमधी आहे, त्याची पाळी असते, महिन्यातून चारदा घरी येतो. त्यानं हाताले बांधायचं बीपीचं यंत्र आणून दिलं. हे ते यंत्र दुपारी लावायचे. कोवळं ऊन नाही, चांगलं दुपारचं ऊन, भाकरी खाऊन ओट्यावर पाय पसरून बसले की मग. आकडा चांगला यायचा. तो आकडा रस्त्यानं जाणाऱ्याले दाखवायचे, नातवाचा निकाल दाखवावा तसा.

सून म्हणे, "आबा, हे चीटिंग आहे. सकाळी मोजा ना."

"सकाळी मले काम असतं."

"दोन मिनिट लागतात."

"दोन मिनिटात बाग वाळतो."

अन् मग हे माघस्नानाचं आलं. अक्का राजपुऱ्यात राहते, तिथून राजघाट जवळच. ती दर माघात महिनाभर तापीत नहाते, लहानपणापासून. तिच्या अंगाले सवय आहे, अन् तिले बीपीबी नाही, तिचं तपासलेलं आहे. यांनी तिच्यापुढं तापीमायले नवस बोलला की ह्या वर्षी बागेले चरका बसला नाही पाहिजे, मी पूर्ण माघ पहाटे येऊन पाच बुड्या घेईन. अक्काच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या नाही आलं. मी म्हटलं, "नवस केळीचा अन् थंडी यांच्या अंगाले, हा कसला हिशोब."

अक्का म्हणे, "वहिनी, तू मधी बोलू नको, माय ऐकते."

"ऐकू दे. तिले माहीत आहे मी कोण ते. तिच्या दगडावर माझी अर्धी उमर धुणं आपटण्यात गेली."

तरी गेले. रोज पहाटे रिक्षा, रिक्षाले दोन्ही बाजूनं वारा. मीबी जायची, कपडे धराले. पहिल्या काही दिवसांतच सुनेनं घाटावरून परत आल्या आल्या यांच्या हाताले पट्टा बांधला, हे नाही नाही म्हणत होते तरी. आकडा पाहून तिनं परत बांधला. मग थोडं बसवून अजून एकदा.

"आबा, वाढलेलं आहे. खूप."

"यंत्राले थंडी वाजली असंल," म्हणे. अन् ते यंत्र खरंच उचलून ओट्यावर उन्हात ठेवलं, पापडासारखं.

सून म्हणाली, दवाखान्यातल्या नर्सताईनं सांगितलं आहे की ठंडीत बीपी वाढतं, कमी नाही होत, अन् पहाटे अजून जास्त. एकदम थंड पाण्यात गेलं तर हार्टवर लोड येतो. हे हसले. म्हणे, "उन्हाळ्यात वाढतं, हिवाळ्यातबी वाढतं, मग कमी कधी होतं? पावसाळ्यात सुट्टी घेतं का?" सून गप्प झाली, कारण सासऱ्याशी वाद नाही घालायचा. मी गप्प झाले कारण मले माझे सासरे आठवले.

ते मी कोणाले फार सांगत नाही. मी नवीन होते ह्या घरात, लेक कडेवर होता. सासरे पहाटे विहिरीवर थंड पाण्यानं नहायचे, बाराही महिने. माघच होता. चार-पाच दिवस झाले डावा हात दुखतो म्हणत होते, सासूबाई रोज कापराचं तेल चोळून द्यायची. त्या सकाळी मी विहिरीवर घागर घेऊन गेले तर सासरे दगडावर बसलेले. ओलं अंग, हात छातीवर. मले वाटलं, जप करून राहिले. मी पदर घेऊन बाजूले उभी राहिले, जप होईपर्यंत. तो जप संपलाच नाही. लोक म्हणाले थंडी भरली, लोक म्हणाले पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला. मी काही म्हटलं नाही. मी तेव्हा सून होते, सुनेले कोणी विचारत नव्हतं. पण दगडावरचं ते बसणं माझ्या डोळ्यातून गेलं नाही.

आता त्या सकाळी परत येते. थंडी अशी होती की पाण्यावरून वाफ निघत होती. अक्का नहाऊन, साडी बदलून उभी होती. हे पाण्यात उतरले. पहिली बुडी घेतली, वर आले, श्वास असा ओढला जसं कोणी मागून गचांडी दिली. दुसरी घेतली. मग तिसरी घ्यायच्या जागी हे तसेच उभे. मग हळूहळू पायरीकडं आले अन् पायरीवर बसले.

अक्का म्हणे, "भाऊ, अजून बुड्या बाकी आहेत."

हात छातीवर फिरवून राहिले होते, खिशात काही हरवल्यासारखे. उघड्या अंगाले कुठला खिसा.

मी मांडीवरचे कपडे टाकून खाली गेले. चेहरा राखेसारखा, अन् त्या थंडीत कपाळावर घाम. म्हटलं, "काय होतं?"

"काही नाही. दाबल्यासारखं वाटतं. जबडाबी दुखतो. थंडीनं दात आवळले असतील."

अक्का म्हणाली, "एवढं काय वहिनी, पाच बुड्या होऊ दे, मग चार पावलं चालवू, अंग गरम होईल."

तेव्हा मी जे बोलले, ते अक्काले तोंडावर आजपर्यंत बोलले नव्हते. म्हटलं, "अक्का, एक माणूस मी असाच बसलेला पाहिला आहे. तुमचाच बाप होता. मी जप संपायची वाट पाहात उभी राहिले होते. आज नाही राहायची."

अक्का तिथंच थांबली. तिच्या हातातला तांब्या कलला अन् पाणी तिच्याच पायावर सांडत राहिलं, तिले समजलं नाही.

सून धावत खाली आली. तिनं यांले उठू दिलं नाही, चालू दिलं नाही. आम्ही दोघींनी ओला पंचा काढला, अंग पुसलं, कोरडं घातलं, तिची शाल, माझी शाल, अक्काची घोंगडी, सगळं यांच्यावर. सुनेनं रिक्षावाल्याले हाक मारली. तो झोपेतून उठून असा आला की एक चप्पल रिक्षातच राहिली. त्यानं अन् घाटावरच्या एका माणसानं यांले हातावर उचलून वर नेलं. हे उचललेले असतानाबी सांगून राहिले, "माझा पंचा राहिला खाली."

म्हटलं, "राहू दे. तापीमाय नेसंल."

रिक्षात यांचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा. मी तोंडानं काहीबाही बोलत राहिले, बागेचं, थैल्यांचं, कारण हे बोलत आहेत तोपर्यंत आहेत, एवढंच मले समजत होतं. मी विचारायची, "वाऱ्याच्या बाजूची जाळी नीट बांधली का?" हे म्हणायचे, "हं." मी म्हणायची, "मले तर ढिली दिसली." मग हे डोळे उघडायचे. जाळी ढिली म्हटलेलं यांले मरतानाबी सहन झालं नसतं, हे मले माहीत होतं.

दवाखान्यात तीच उन्हाळ्यातली डॉक्टरीणबाई होती. जिभेखाली गोळी ठेवली, छातीले वायरी लावून कागद काढला, हाताले पट्टा बांधला. बीपी एवढं होतं की तिनं आकडा मोठ्यानं सांगितला नाही, नर्सले दाखवला. काही वेळानं यांच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मले म्हणाली, "अम्मा, दिल को खून कम पड़ रहा था. थोड़ी और देर करते तो बड़ा अटैक आ जाता. टाइम पे ले आए."

मी खाली बसले. खुर्ची होती, पण मी जमिनीवरच बसले, सवयीनं.

मग ती आत यांच्याजवळ गेली अन् विचारलं, "बाबा, बीपी की गोली रोज लेते हो?"

मीच उत्तर दिलं, "रोज घेतात, माझ्यासमोर."

हे छताकडं पाहाले लागले. छतावर काही नव्हतं, पंखाबी बंद होता. ती नजर मी ओळखते. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली अन् आपली नाही म्हणायचं असलं की तशी होते.

"अहो," मी म्हटलं.

"घेतो ना," म्हणे. मग थांबले. "थंडी लागल्यापासून अर्धी घेतो."

डॉक्टरीणबाईले मराठी समजतं, आमच्याकडं सगळ्यांलेच थोडंथोडं समजतं. ती म्हणाली, "आधी? किसने बोला आधी लेने को?"

आता इथं माणूस काहीबी बोलला असता. डॉक्टरचं नाव सांगितलं असतं, मेडिकलवाल्याचं सांगितलं असतं. हे अगदी खरं बोलले. म्हणे, "केळीनं."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी सुनेकडं पाहिलं.

मग यांनी समजावून सांगितलं, एवढं आजारी असून, मास्तरासारखं. थंडीत केळ पाणी कमी पिते. उन्हाळ्याएवढं पाणी दिलं तर मूळ सडतं. म्हणून जाणता शेतकरी थंडीत पाणी अर्ध्यावर आणतो. औषधबी तसंच. उन्हाळ्याची मात्रा थंडीत कशी चालंल? अन् वरून रोज तापीचं थंड पाणी अंगावर, म्हणजे गरमी तशीच उतरते. त्यांच्या हिशोबानं तर थंडीत पाव गोळी पुरली असती, पण डॉक्टरचा मान ठेवून अर्धी घेत होते.

नर्स तोंड फिरवून हसली. डॉक्टरीणबाई नाही हसली. तिनं खुर्ची ओढली अन् यांच्याजवळ बसली, घाई असून. म्हणाली, "बाबा, उल्टा है. ठंड लगती है तो शरीर अपनी गर्मी बचाने के लिए चमड़ी की नसें सिकोड़ लेता है. खून उतना ही, रास्ता तंग. तो दिल को ज़ोर से धक्का मारना पड़ता है. बीपी ऊपर. सुबह वैसे भी ज़्यादा रहता है. ऊपर से आप एकदम ठंडे पानी में उतर गए, और गोली भी आधी."

हे ऐकत होते. मग म्हणे, "म्हणजे ड्रिपच्या बारीक नळ्या आवळल्या, अन् मोटर तशीच चालू."

डॉक्टरीणबाई म्हणाली, "मतलब?"

सुनेनं तिले सांगितलं. शेतात मोटरीपासून मोठा पाईप येतो, त्याले बारीक नळ्या. नळ्या बंद पडल्या अन् मोटर चालू राहिली तर पाईपात प्रेशर वाढतं, सांधे फुटतात, मोटर जळते.

"बिलकुल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "वही."

यांनी डोळे मिटले. मले वाटलं झोपले. तर हळूच म्हणे, "एवढं तर मले माहीत होतं."

म्हटलं, "मोटरीचं माहीत होतं. स्वतःचं नव्हतं."

नंतर मोठ्या शहरात नेऊन तपासलं. लेक रजा टाकून आला, तोच घेऊन गेला. एक नस थोडी बुजलेली निघाली, औषधावर भागेल म्हणाले. घरी आणलं. सुनेनं यांची सुपारीची डबी झटकली तर आतून अर्ध्या गोळ्या निघाल्या, अडकित्त्यानं कातरलेल्या, सुपारीच्या भुग्यात माखलेल्या. फेकल्या नव्हत्या. मी पाणी आणाले वळले की कातरत असतील. सून म्हणाली, "आबा, ह्या कशाले ठेवल्या?" म्हणे, "उन्हाळ्यात लागतील." तिनं त्या टाकून दिल्या. हे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, औषध वाया घातलं म्हणून.

पण खरी काळजी पुढंच होती. माघ संपला नव्हता. बागेत चरका बसला नव्हता, एवढी थंडी पडूनबी. मग हे म्हणायचे, मायनं आपलं काम केलं, माझं अर्धं राहिलं. रोज पहाटे जाग यायची अन् मी पाहायची तर हे अंथरुणात बसलेले, पाय खाली सोडून. बोलायचे नाहीत. मले माहीत होतं, मी एक दिवस झोपून राहिले की हे जातील. मी रिक्षावाल्याले सांगून ठेवलं होतं, यांनी बोलावलं तर यायचं नाही. तो म्हणाला, "काकी, बाबांनी मलेबी सांगून ठेवलं आहे, काकीले सांगायचं नाही म्हणून."

मग मी राजपुऱ्यात अक्काकडं गेले. एकटीच. यांनी कोणाचं ऐकलं तर तिचंच ऐकतील. अक्का तांदूळ निवडत होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलली नव्हती, अन् मीबी नव्हते. मी समोर बसून तिच्या सुपातले खडे वेचाले लागले.

मग ती म्हणे, "वहिनी, माझ्या बापाचं तू कधी सांगितलं नाही."

"तुम्ही सासरी होत्या. अन् मले कोणी विचारलं नव्हतं."

"मी यायच्या आधी सगळं झालं होतं." ती सूप झटकत राहिली. "भाऊचं नवसाचं काय करायचं? मायचं देणं ठेवून चालत नाही."

म्हटलं, "अक्का, एक विचारू? तुम्ही मले लग्न झाल्यावर सांगितलं होतं, तापी कोणाची लेक ते."

"सूर्याची."

"मग सूर्याच्या लेकीकडं बाप यायच्या आधी जायचं अन् तिच्याच पाण्यात गारठून मरायचं, हे तिले आवडंल का? बाप वर आल्यावर, बापाच्या उन्हात तिचं पाणी अंगावर घेतलं तर ती नाही म्हणंल?"

अक्कानं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं असं पाहिलं की मले वाटलं आता ही चिडते. तर ती म्हणे, "चौथी शिकलेल्या बाईले हे कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

तिले हसू आलं. तोंडात दात कमी आहेत, म्हणून ती पदर लावून हसते.

माघी पुनवेले अक्का स्वतः पहाटे घाटावर गेली, घागर भरून आणली. दुपारी, ऊन चांगलं तापल्यावर, तिच्या अंगणात पाट मांडला. घंगाळात ऊन पाणी काढलं, त्यात तापीचं पाणी घातलं. आधी मी हात घालून पाहिला, मग सुनेनं पाहिला, मग अक्कानं. हे पाटावर बसले तर डोक्यात कानटोपी. अंगात काही नाही, डोक्यात कानटोपी.

अक्का म्हणे, "भाऊ, टोपी काढ. टोपी घालून कोणी नहातं का?"

"डॉक्टरनं सांगितलं आहे, डोकं झाकायचं."

"बाहेर जाताना झाका म्हटलं, आबा," सून म्हणाली. "आंघोळीत नाही."

"मग नीट सांगाले पाहिजे ना," म्हणे, अन् टोपी काढून माझ्या हातात दिली. अक्कानं तांब्यानं पाणी घातलं, तोंडानं काही म्हणत होती. तिच्या डोळ्यात पाणी होतं. ह्या खेपेले माझ्याबी होतं, पण वाफ होती, कोणाले दिसलं नाही. ही ओळ सून लिहाले तयार नव्हती, म्हणे आई, तेव्हा मले दिसलं होतं.

आता परत थंडी आली आहे. घडांले थैल्या लागल्या आहेत. फरक एवढाच की सकाळचं पाणी सोडाले हे ऊन आल्यावर जातात, पायात बूट, अंगात लेकाचं जुनं जाकीट, डोक्यात कानटोपी. धूर कराले गडी आहे. गोळी पूर्ण घेतात, माझ्यासमोर, अन् घेतल्यावर तोंड उघडून दाखवतात, मी न सांगता, नुसतं मले चिडवाले. बीपी सकाळी मोजतात. आकडा वाढला तर सून दवाखान्यात फोन करते, गोळी कमीजास्त ते तिथले लोक ठरवतात, केळ ठरवत नाही.

अन् परवा यांनी मले ओट्यावर बसवलं, माझ्याच हाताले पट्टा बांधला. म्हटलं, मले कशाले. म्हणे, "धुणं आपटून अर्धी उमर गेली म्हणते, त्या अर्ध्या उमरीचं मोजून पाहू." आकडा पाहिला अन् सुनेले हाक मारली. थोडं वाढलेलं होतं. हे एवढे खुश झाले की दोन्ही वेळा जेवताना बोलत होते, आता दोघं सारखे म्हणून.

तर वाचणाऱ्यांले माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी बीपीची गोळी घेत असंल, तर थंडी लागली की त्याचं बीपी सकाळी मोजा, उन्हात बसवून दुपारी नाही. गोळी डॉक्टरले विचारल्याशिवाय अर्धी करू देऊ नका. पहाटे थंड पाण्यात उतरू देऊ नका, नवस असला तरी. अन् कोणी ओल्या अंगानं छातीवर हात ठेवून गप्प बसलेला दिसला, तर त्याचा जप संपायची वाट पाहू नका. त्याले कोरडं करा, पांघरूण घाला, चालवू नका, अन् लगेच दवाखान्यात न्या.